प्रशिक्षण विमान हँगरमध्ये किती दिवस थांबतं, यावर पायलटचं लायसन्स का अवलंबून असतं?

भारतात कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजेच सीपीएल, मिळवण्यासाठी किमान 200 तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागतो. कागदावर हा आकडा छोटा वाटतो. रोज एक तास उड्डाण केलं तर सात महिन्यांत काम फत्ते. प्रत्यक्षात मात्र अनेक विद्यार्थ्यांना याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो. हवामान, प्रशिक्षकांची कमतरता, विमानतळावरची गर्दी ही कारणं सगळ्यांना माहीत असतात. आणखी एका कारणाची चर्चा फारशी होत नाही. ते म्हणजे विमान उडायला तयार नसणं.

बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर अशा ठिकाणी महाराष्ट्रात वैमानिक घडवले जातात. अशा कुठल्याही फ्लाइंग स्कूलमध्ये दहा विमानं असली, तरी एखाद्या सकाळी त्यातली सहाच उडण्याच्या स्थितीत असू शकतात. उरलेली चार हँगरमध्ये असतात. एखाद्याचं इंजिन उघडलेलं असतं, एखादं सुट्या भागाची वाट बघत असतं, तर एखाद्याचं काम पूर्ण होऊनही सही बाकी असते. ही चार विमानं पाच होतात की दोन, यावरच स्कूलचा खर्च आणि विद्यार्थ्यांचं वेळापत्रक ठरतं.

प्रशिक्षण विमानाची झीज वेगळी का असते?

खासगी मालकाचं छोटं विमान वर्षाला शंभर तास उडालं तरी पुष्कळ. फ्लाइंग स्कूलमधलं विमान तेवढे तास दीड महिन्यात उडू शकतं. पण फरक फक्त तासांचा नाही. नवा विद्यार्थी 'सर्किट' करतो, म्हणजे धावपट्टीवरून उड्डाण, एक फेरी, लँडिंग आणि लगेच पुन्हा उड्डाण. एका तासात अशी सहा-सात लँडिंग होतात. त्यातली काही जोरात आदळणारी असतात, काहींमध्ये ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबले जातात, तर काहींमध्ये पुढचं चाक आधी टेकतं. टायर, ब्रेक पॅड, पुढच्या चाकाचा दांडा आणि इंजिनला केबिनपासून वेगळं करणारी फायरवॉल या सगळ्यांवर त्याचा ताण येतो. इंजिनही सतत पूर्ण ताकद आणि कमी ताकद यांच्यात हेलकावे खात असतं.

ही झीज डोळ्यांना दिसेलच असं नाही. 4 एप्रिल 2018 रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या डेटोना बीच इथे एका नामांकित विमान विद्यापीठाच्या पायपर पीए-28 जातीच्या प्रशिक्षण विमानाचा डावा पंख उड्डाणानंतर काही क्षणांतच तुटून पडला. आतल्या दोघांचाही मृत्यू झाला. पंखाच्या मुख्य आधारपट्टीत, म्हणजे स्पारमध्ये, बोल्टच्या भोकापाशी धातू थकून तडा गेला होता. तो बाहेरून दिसण्यासारखा नव्हता. विमान जुनाट किंवा दुर्लक्षित होतं असंही नाही. ते 7,700 तासांच्या आसपास उडालं होतं, पण त्याची लँडिंग 30 हजारांहून जास्त झाली होती.

त्यानंतर अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेने काढलेला आदेश 2021 मध्ये लागू झाला. त्यात तास मोजण्याची पद्धतच बदलली. विमानाच्या किती 100 तासांच्या तपासण्या झाल्या, त्यावरून ते प्रशिक्षणासारख्या कामात किती वापरलं गेलं हे काढायचं ठरलं. प्रशिक्षणाचे तास पूर्ण धरायचे आणि बाकीच्या तासांना फक्त सतराव्या हिश्श्याचं वजन द्यायचं, असं ते सूत्र आहे. असे 5,000 'वजनदार' तास भरले, की स्पारची विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने आतून तपासणी करायची. थोडक्यात, प्रशिक्षणातला एक तास हा साध्या उड्डाणातल्या तासापेक्षा फार महाग असतो, हे नियमातच मान्य झालं.

किती तासांनी काय तपासलं जातं?

सेसना 172 हे जगभरातल्या फ्लाइंग स्कूलचं ओळखीचं विमान आहे. त्याच्या उदाहरणावरून देखभालीच्या पायऱ्या समजून घेता येतात.

• रोजची तपासणी: पहिल्या उड्डाणाआधी तेलाची पातळी, इंधनात पाणी आहे का, टायर, ब्रेक, नियंत्रणांची हालचाल. प्रत्येक उड्डाणापूर्वी विद्यार्थीही विमानाभोवती फेरी मारून हेच पाहतो.

• 50 तास: इंजिनचं तेल आणि ऑइल फिल्टर बदलतात. जुना फिल्टर फेकून दिला जात नाही. तो कापून आतल्या कागदावर धातूचे कण आहेत का ते बघतात. इंजिनच्या आत काही घासत असेल तर त्याची पहिली खबर इथेच मिळते.

• 100 तास: इंजिनची झाकणं काढून सविस्तर तपासणी होते. प्रत्येक सिलिंडरमध्ये 80 पीएसआय दाबाची हवा सोडून त्यातली किती टिकते हे मोजतात. स्पार्क प्लग साफ करून जागा बदलून बसवतात. एक्झॉस्टला तडे, केबलची झीज, चाकांचे बेअरिंग, बॅटरी असं सगळं बघितलं जातं.

• वार्षिक तपासणी: विमान कमी उडालेलं असलं तरी ठरलेल्या मुदतीत ते तपासावंच लागतं. भारतात विमानाच्या उड्डाणयोग्यतेचा आढावा घेऊन त्याचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं करून घ्यावं लागतं.

• ओव्हरहॉल: सेसना 172 च्या अलीकडच्या मॉडेलमधल्या लायकमिंग इंजिनसाठी कंपनीने 2,000 तास किंवा 12 वर्षं ही मर्यादा सुचवली आहे. त्यानंतर इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधलं जातं. यात काही महिने जाऊ शकतात.

या शिवाय नियामकाकडून वेळोवेळी येणारे 'एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह' असतात. एखाद्या भागात जगात कुठेही दोष सापडला, की त्या जातीच्या सगळ्या विमानांसाठी तो आदेश निघतो. तो पाळणं ऐच्छिक नसतं.

काम झाल्यावर लायसन्सधारक एअरक्राफ्ट मेन्टेनन्स इंजिनिअर, म्हणजे एएमई, सही करतो. पिस्टन इंजिनच्या विमानांसाठी भारतात बी1.2 या वर्गाचं लायसन्स असतं. ही सही झाल्याशिवाय विमान हँगरबाहेर आलं तरी ते उडू शकत नाही.

तास नेमके कुठल्या घड्याळावर मोजायचे?

हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण त्यावर पैसे आणि सुरक्षितता दोन्ही अवलंबून असतात. छोट्या विमानात बहुधा दोन मीटर असतात. हॉब्स मीटर इंजिन सुरू असेपर्यंत घड्याळाप्रमाणे सरळ चालतो. टॅक मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे विमान जमिनीवर रांगेत उभं असताना तो सावकाश पुढे सरकतो. म्हणून एकाच उड्डाणाचे हॉब्सवरचे तास टॅकपेक्षा जास्त भरतात. तिसरा आकडा असतो प्रत्यक्ष हवेत घालवलेल्या वेळेचा.

विद्यार्थ्याचं बिल एका आकड्यावर निघतं आणि देखभाल दुसऱ्या आकड्यावर होते, असं अनेक ठिकाणी घडतं. देखभालीसाठी कुठले तास धरायचे हे मंजूर देखभाल कार्यक्रमात ठरलेलं असतं. गडबड होते ती नोंदी उतरवताना. एका दिवसाची नोंद राहून गेली, की 100 तासांची तपासणी 103 तासांवर होते आणि तेवढे तास विमान नियमबाह्य उडालेलं असतं. अमेरिकेत 100 तासांच्या मर्यादेवर 10 तासांची सवलत आहे. पण ती फक्त विमान तपासणीच्या ठिकाणी नेण्यासाठी आहे आणि ते जादा तास पुढच्या शंभरातून वजा होतात. अशी सवलत म्हणजे हक्काचे 110 तास नव्हेत. म्हणूनच चांगल्या स्कूलमध्ये दिवस संपल्यावर नव्हे, तर प्रत्येक उड्डाणानंतर तासांची नोंद होते.

सगळी विमानं एकदमच हँगरमध्ये का जातात?

समजा, एका स्कूलकडे दहा विमानं आहेत आणि प्रत्येक विमान महिन्याला 80 तास उडतं. एकूण 800 तास झाले. म्हणजे महिन्याला 100 तासांच्या आठ तपासण्या आणि त्यांच्या अधेमधे 50 तासांच्या आठ तपासण्या. मोठ्या तपासणीला चार दिवस लागत असतील तर 32 'विमान-दिवस' त्यात जातात. महिना 30 दिवसांचा धरला तर सरासरी एक विमान कायम मोठ्या तपासणीत असणार. हे परवडतं.

अडचण सरासरीत नाही, गर्दीत आहे. सगळी विमानं सारखीच उडवत राहिली आणि त्यातल्या चारांचे शंभर तास एकाच आठवड्यात भरले, तर चार विमानं एकदम उभी राहतात. हँगरमध्ये जागा एका-दोघांपुरती आणि इंजिनिअर दोन. मग तिसरं आणि चौथं विमान नुसतंच रांगेत थांबतं. त्याच वेळी बाहेर विद्यार्थ्यांची रांग वाढते.

यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे तासांचा जिना करणं. एका फलकावर प्रत्येक विमानाचे पुढच्या तपासणीपर्यंत उरलेले तास लिहायचे. आदर्श चित्र असं, की एकाचे 100 उरलेत, दुसऱ्याचे 90, तिसऱ्याचे 80, आणि शेवटच्याचे 10. मग दर तीन-चार दिवसांनी एकच विमान हँगरमध्ये जातं आणि एक बाहेर येतं. जगभरातल्या हवाई दलांतही हीच पद्धत वापरली जाते.

जिना आपोआप टिकत नाही. तो रोजच्या वाटपातून टिकवावा लागतो. सीपीएलसाठी किमान 300 नॉटिकल मैलांचं एक लांबचं एकल उड्डाण करावं लागतं, त्यात विमानाचे तीन-चार तास सहज जातात. दोन विमानांचे उरलेले तास जवळ आले असतील, तर एकाला अशा लांबच्या उड्डाणावर पाठवायचं आणि दुसऱ्याला छोट्या सर्किटवर ठेवायचं. ज्याचे पाच तास उरलेत ते विमान लांबच्या प्रवासाला द्यायचं नाही, नाहीतर ते परगावी अडकायचं. म्हणजे कुठलं विमान कुणाला द्यायचं हा निर्णय उड्डाण विभागाचा असला, तरी तो देखभालीचा फलक बघूनच घ्यावा लागतो. ज्या स्कूलमध्ये हे दोन विभाग रोज सकाळी दहा मिनिटं एकत्र बसतात, तिथे निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

चार दिवसांचं काम आठ दिवसांवर का जातं?

वरच्या उदाहरणात तपासणी चारऐवजी आठ दिवस चालली, तर 64 विमान-दिवस जातात आणि कायम दोन विमानं बाद राहतात. दहा विमानं विकत घेऊन आठच वापरायची, असा तो व्यवहार होतो. गंमत म्हणजे या आठ दिवसांत प्रत्यक्ष पाना फिरवण्याचं काम वाढलेलं नसतं. वाढतं ते थांबणं.

पहिलं थांबणं सुट्या भागांसाठी. टायर, ब्रेक पॅड, स्पार्क प्लग, फिल्टर, स्टार्टर, अल्टरनेटर यांपैकी बरंच काही परदेशातून येतं. बाजारात दिसायला तसाच भाग मिळाला तरी चालत नाही. त्यासोबत एफएए फॉर्म 8130-3 किंवा युरोपचा ईएएसए फॉर्म 1 यासारखं अधिकृत प्रमाणपत्र असावं लागतं. कागद नसेल तर भाग कितीही नवा असला तरी तो विमानात बसत नाही. दर महिन्याला किती टायर आणि किती फिल्टर लागणार हे मागच्या वर्षाच्या नोंदींवरून सहज काढता येतं. तरीही 'संपलं की मागवू' ही सवय असेल, तर काही हजार रुपयांच्या भागासाठी कोट्यवधींचं विमान आठवडाभर उभं राहतं.

दुसरं थांबणं अनपेक्षित दोषांचं. तपासणीच्या चौथ्या दिवशी एक्झॉस्टला तडा सापडला, तर भाग मागवण्याची सुरुवात तिथून होते. म्हणून अनुभवी इंजिनिअर विमान आत आल्याबरोबर आधी सगळं उघडून बघतात, सापडलेल्या दोषांची यादी करतात, मागणी पाठवतात, आणि मग ठरलेली कामं हाती घेतात. कामाचा क्रम बदलला की दोन-तीन दिवस वाचतात.

तिसरं थांबणं सहीचं. सही करणारा एएमई एकच असेल आणि तो रजेवर असेल, तर तयार विमानही उभंच राहतं. नियंत्रणांच्या केबलसारखं महत्त्वाचं काम झालं असेल, तर दुसऱ्या पात्र व्यक्तीने ते स्वतंत्रपणे तपासावं लागतं. त्यामुळे माणसांचं वेळापत्रकही विमानांच्या वेळापत्रकाइतकंच नेटकं असावं लागतं.

'स्नॅग' लपवला तर?

विमानातल्या बिघाडाला या क्षेत्रात 'स्नॅग' म्हणतात. रेडिओत खरखर, ब्रेक एका बाजूला ओढणं, इंजिनच्या फेऱ्या कमी-जास्त होणं असं काही जाणवलं, की ते टेक लॉगमध्ये लिहायचं असतं. लिहिलं की इंजिनिअरला ते सोडवावं लागतं, किंवा नियमात बसत असेल तर मर्यादित काळासाठी पुढे ढकलावं लागतं. म्हणजे विमान उभं राहू शकतं.

इथेच खरा पेच आहे. रांगेत वीस विद्यार्थी थांबलेले असताना स्नॅग लिहिणारा सगळ्यांच्या नजरेत खलनायक ठरतो. लँडिंग जोरात झालं हे सांगितलं तर आपल्या प्रगतीपुस्तकावर शेरा येईल, अशी विद्यार्थ्याला भीती असते. मग तो गप्प बसतो. पुढचा विद्यार्थी वाकलेल्या दांड्याचं किंवा दबलेल्या फायरवॉलचं विमान घेऊन उडतो, आणि त्याला याची कल्पनाही नसते.

हिशेबाच्या दृष्टीनेही लपवणं महाग पडतं. वेळेवर सांगितलेली ब्रेकची तक्रार संध्याकाळी तासाभरात मिटते. तीच लपवली, तर पुढे डिस्क खराब होते आणि विमान धावपट्टीवर अडकतं. म्हणून चांगली स्कूल हार्ड लँडिंग सांगणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षा करत नाही. स्नॅग मोघम लिहू नयेत, हेही शिकवलं जातं. 'इंजिन नीट नाही' या नोंदीवरून इंजिनिअरला काही कळत नाही. 'टेक-ऑफपूर्वी डावा मॅग्नेटो तपासताना फेऱ्या 200 ने घसरल्या' असं लिहिलं, तर शोध कुठून सुरू करायचा हे लगेच समजतं.

जास्त वेळा उघडलं म्हणजे जास्त सुरक्षित?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडकडे लांब पल्ल्याची गस्ती विमानं होती, पण त्यातली बरीचशी दुरुस्तीतच असायची. सी. एच. वॉडिंग्टन हे जीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या. दर 50 तासांच्या तपासणीनंतर लगेचच अनपेक्षित बिघाड वाढतात आणि नंतर हळूहळू कमी होतात, असं त्यांना दिसलं. तपासणीने बिघाड टळायला हवे होते, इथे उलटं होत होतं. व्यवस्थित चाललेली यंत्रणा उगाच उघडल्याने चुका होत होत्या. याला पुढे 'वॉडिंग्टन परिणाम' असं नाव पडलं. 1978 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी केलेल्या अहवालातही असंच आढळलं. त्यांनी अभ्यासलेल्या विमानभागांपैकी फक्त 11 टक्के भाग वयानुसार झिजून बिघडत होते. उरलेल्यांना ठरावीक वयात बदलून फारसा फायदा नव्हता.

याचा अर्थ फ्लाइंग स्कूलने 50 किंवा 100 तासांची तपासणी टाळावी असा मुळीच नाही. ती कायद्याने बांधलेली आहे आणि प्रशिक्षण विमानाला तिची गरजही आहे. धडा वेगळा आहे. तपासणी नुकतीच झालेलं विमान आपोआप 'सर्वात सुरक्षित' ठरत नाही. त्याचं पहिलं उड्डाण नवख्या विद्यार्थ्याकडे देण्याऐवजी अनुभवी प्रशिक्षकाने केलेलं बरं. आत विसरलेला पाना, अर्धवट घट्ट केलेली नळी, उलटी जोडलेली तार, असे दोष याच उड्डाणात उघड होतात. म्हणून हँगरमध्ये प्रत्येक अवजाराची आकृती काढलेला फलक असतो. एक जागा जरी रिकामी दिसली, तरी विमान बंद करायचं नाही.

पावसाळ्याचा उपयोग कसा होतो?

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर ढग, पाऊस आणि कमी दृश्यमानतेमुळे उड्डाणं घटतात. वार्षिक तपासणी, रंगकाम, इंजिन ओव्हरहॉल अशी मोठी कामं याच काळात काढली, तर ऑक्टोबरपासून स्वच्छ हवामानात पूर्ण ताफा उपलब्ध राहतो. मात्र दमट हवेत बंद पडून राहिलेल्या इंजिनला आतून गंज धरतो. त्यामुळे पावसाळ्यात विमान नुसतं उभं करून ठेवता येत नाही. ते अधूनमधून उडवावं लागतं किंवा इंजिन योग्य पद्धतीने जतन करून ठेवावं लागतं. उन्हाळ्यात उलट त्रास असतो. धुळीने एअर फिल्टर लवकर भरतात आणि विदर्भ-खानदेशच्या उन्हात इंजिनचं तापमान चढतं.

व्यवस्था कोलमडली की काय होतं?

ऑक्टोबर 2023 मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत प्रशिक्षण विमानांचे दोन अपघात झाले. त्यानंतर डीजीसीए या भारताच्या हवाई नियामक संस्थेने संबंधित संस्थेचं उड्डाण प्रशिक्षण थांबवलं. असं घडतं तेव्हा फटका फक्त संस्थेला बसत नाही. कर्ज काढून आलेले विद्यार्थी खोलीवर बसून राहतात, हप्ते सुरू असतात, आणि उड्डाणात खंड पडला की आधी शिकलेलं पुन्हा गिरवावं लागतं. त्या जादा तासांचे पैसेही विद्यार्थ्यालाच मोजावे लागतात.

प्रवेश घेण्यापूर्वी काय विचारावं?

जाहिरातीत विमानांची संख्या मोठ्या अक्षरांत असते. त्यापेक्षा पुढचे प्रश्न जास्त उपयोगी पडतात:

• ताफ्यातली किती विमानं आज, या क्षणी उडण्यायोग्य आहेत?
• एका उडण्यायोग्य विमानामागे किती विद्यार्थी आहेत?
• 100 तासांच्या तपासणीला सरासरी किती दिवस लागतात?
• सही करू शकणारे एएमई किती आहेत? देखभाल स्वतःची आहे की बाहेरच्या संस्थेकडे?
• मागच्या तुकडीने 200 तास किती महिन्यांत पूर्ण केले?
• हार्ड लँडिंग किंवा स्नॅग सांगितल्यावर पुढे काय होतं?

यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर संस्थेच्या कार्यालयापेक्षा तिथे शिकत असलेल्या विद्यार्थ्यांकडून मिळालं तर जास्त खरं असतं. जमल्यास हँगरही बघून यावं. उरलेल्या तासांचा फलक भिंतीवर आहे का, त्यावर आजची तारीख आहे का, आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेली विमानं किती आहेत, एवढं पाहिलं तरी त्या स्कूलमध्ये 200 तासांना किती महिने लागतील याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.